पेल्यातल्या चार पोळ्या

एक पिकलेलं केळं, चार खजूर, मोठा चमचाभर मध, पेलाभर दूध आणि वर दोन चमचे ड्रिंकिंग चॉकलेट. मिक्सरला फिरवलं की झाली ‘शुगर-फ्री चॉकलेट स्मूदी’. मोबाइलवर हीच दाखवतात, सकाळी घाईत हीच पितात आणि मधुमेह असलेल्या सासऱ्यांच्या हातात प्रेमाने हीच ठेवतात. साखरेचा डबा उघडला नाही, एवढ्याच आधारावर तिला शुगर-फ्री म्हणायचं.

हिशेब मांडू. मध्यम केळ्यात 25 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. चार छोट्या खजुरांत 20. मधात 17. 200 मिली दुधात 10. ड्रिंकिंग चॉकलेट मोठ्या चमच्याने दोनदा घातलं की 16. बेरीज 88. घरातल्या मध्यम पोळीत 20 ग्रॅम धरा. म्हणजे चार पोळ्या होऊन वर थोडं उरलंच. पोळीबरोबर भाजी-आमटी असते, चावायला वेळ लागतो, तिसऱ्या पोळीनंतर हात आपोआप थांबतो. पेला दोन मिनिटांत रिकामा होतो आणि तासाभरात भूक लागली म्हणून पोह्यांची बशी पुढ्यात येते.

गोड कमी करायचं असेल तर गोड कमी करा. पुढच्या दाराने घालवलेली साखर मागच्या दाराने आत घेऊ नका. आजचं सगळं लिखाण याच एका मुद्द्यासाठी आहे, कारण घरी कमी कर्बोदकांची, फळ आणि चॉकलेट दोन्ही असलेली उत्तम स्मूदी करता येते. सोपी आहे, आपल्याच बाजारातल्या जिनसांची आहे. ती बिघडते ती नेहमी याच एका जागी.

मध आणि खजुराची बाजू घेणारे एकच शब्द वापरतात: नैसर्गिक. ऊससुद्धा नैसर्गिकच असतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली साखरेबद्दलच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात मध, सिरप आणि फळांचा रस यांतली साखर ‘मुक्त साखर’ म्हणून वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत बसवली आहे. रोजच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत ही साखर ठेवा, जमलं तर 5 टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण 25 ग्रॅमच्या खाली, असं त्यात म्हटलंय. ब्रिटनने एक पाऊल पुढे टाकून मिक्सरमध्ये वाटलेल्या फळातली साखरही याच हिशेबात धरली. गूळवाल्यांसाठीही निरोप आहे. गुळात लोह असतं हे खरं, पण अंगाला लागेल इतकं लोह गुळातूनच घ्यायला निघालात तर तेवढ्यात किती साखर पोटात जाईल तेही मोजा.

आणि हा फॅशनचा वाद नाही. आयसीएमआर-इंडियाबचा देशभरचा अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजानुसार भारतात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि 13 कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या ताटातली 60 टक्क्यांहून अधिक ऊर्जा भात, पोळी, साबुदाणा, साखर अशा कर्बोदकांतूनच येते. अशा घरात ‘हेल्दी’ म्हणून आणखी 88 ग्रॅमचा पेला भरायचा, तोही रोज, तोही सकाळी, हे मला पाहवत नाही. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून तर ते जास्त लागतं.

आता मिक्सरबद्दल. सफरचंद चावून खाल्लं, वाटून खाल्लं आणि रस काढून प्यायलं, तर शरीराला फरक पडतो का? ब्रिटनमध्ये हेबर आणि सहकाऱ्यांनी हे तपासून 1977 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. दहा धडधाकट माणसं, तिन्ही रूपांत कर्बोदकं सारखीच. रस सफरचंदापेक्षा 11 पट वेगाने पोटात गेला, वाटलेल्या गरापेक्षा 4 पट. पोट भरल्याची भावना सफरचंदाने सगळ्यांत जास्त, गराने त्याहून कमी, रसाने सगळ्यांत कमी. चावून खाल्लेल्या सफरचंदापेक्षा रसाने आणि गराने इन्सुलिन जास्त वर गेलं. रस प्यायल्यानंतर रक्तातली साखर वर जाऊन परत खाली घसरली, सफरचंदाने तसं झालं नाही. चोथा काढला की काय होतं आणि चोथा नुसता मोडला की काय होतं, दोन्ही एकाच प्रयोगात दिसलं. इतका साधा आणि इतका उपयोगी प्रयोग मला दुसरा आठवत नाही.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. इंग्लंडमधल्या प्लायमथ विद्यापीठातल्या छोट्या प्रयोगांत रास्पबेरी, पॅशनफ्रूट अशी बियांची फळं वाटून दिली, तेव्हा साखर अख्ख्या फळापेक्षा जास्त चढली नाही, उलट कमीच चढली. मिक्सरच्या पात्याने बिया फुटतात आणि त्यांतलं फायबर बाहेर येतं, असं त्याचं कारण सांगितलं जातं. हे प्रयोग मोजक्या लोकांवरचे. त्यावर कुणी मधुमेहाचे इमले बांधू नयेत. मिक्सरलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं कारण नाही, एवढं मात्र त्यातून नक्की निघतं. पिंजऱ्यात उभं राहायला हवं ते आत काय आणि किती टाकलं जातं त्याला. गाळणी मात्र त्या पेल्याच्या आसपासही नको. आणि स्मूदी इतकी दाट हवी की चमच्यानेच खावी लागेल. स्ट्रॉ लावून ओढता आली, तर ती पातळ झालीय असं समजा.

फळ कोणतं? इथे भावना दुखावणार आहेत. चिकू-चॉकलेट हा आपल्याकडचा लाडका मिल्कशेक. घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, फळ अप्रतिम आहे, पण 100 ग्रॅम चिकूत 20 ग्रॅम कर्बोदकं असतात. केळ्यात 23, हापूसच्या मोसमात ज्याच्यासाठी जीव टाकतो त्या आंब्यात 15. ही फळं वाईट नाहीत. आंब्याची फोड कापून, बाठा चोखून खा. एक चिकू चावून खा. मस्तानी प्यायची तर मस्तानी म्हणूनच प्या, वर्षातून एखाद्या वेळी, पुण्यात बसून, आईस्क्रीमसकट. पण ‘लो-कार्ब’ पाटी लावून हीच फळं पेल्यात घालायची आणि वर बदामाचे काप टाकून त्या पेल्याला औषध म्हणायचं, ही शुद्ध फसवणूक आहे. ज्याच्यासाठी करतो त्याचीच.

स्ट्रॉबेरीत 100 ग्रॅमला 8 ग्रॅमच्या आत कर्बोदकं आणि त्यांतले 2 ग्रॅम फायबर. चॉकलेटशी तिचं जमतं ते तिच्या आंबटपणामुळे. आणि ती आपल्या दारात पिकते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं. महाबळेश्वर, पाचगणी, भिलार या पट्ट्यात पावसाळा सरता सरता गादीवाफ्यांवर रोपं लागतात आणि साधारण नोव्हेंबरअखेरपासून फळ यायला लागतं. डिसेंबरात पर्यटक आणि महाग खोकी. स्मूदी करणाऱ्याने वाट पाहायची ती फेब्रुवारी-मार्चची. तेव्हा फळ भरपूर येतं, भाव उतरतो आणि लहान, वेडंवाकडं, जरा जास्त पिकलेलं फळ तर कुणी बघतही नाही. मिक्सरला आकार दिसत नाही. तेच घ्या.

ते साठवायचं कसं, हे नीट सांगतो, कारण इथे बहुतेकजण घाई करतात. स्ट्रॉबेरी देठासकट धुवायची. हिरवी टोपी आधी काढून मग धुतली तर पाणी आत शिरतं आणि चव पातळ होते. धुतल्यावर पंचावर पसरून पूर्ण कोरडी होऊ द्यायची. मग टोपी काढायची, मऊ पडलेला, बुरशीची शंका असलेला प्रत्येक दाणा बाजूला टाकायचा, उरलेल्यांचे उभे दोन भाग करायचे. ताटात एकाला एक न चिकटता मांडून ताट तसंच फ्रीझरमध्ये. रात्रभराने दगडासारख्या झाल्या की पिशवीत भरून हवा काढून टाकायची. अशा सुट्या राहतात, हव्या तेवढ्याच निघतात. थेट पिशवीत भरल्या की एकच गोळा होतो आणि मग तो ओट्यावर आपटत बसावं लागतं. गोठवलेलं फळ असलं की बर्फ लागत नाही, म्हणजे स्मूदीत फुकटचं पाणी जात नाही.

स्ट्रॉबेरी संपली की जांभूळ. त्यात 100 ग्रॅमला 14 ग्रॅमच्या घरात कर्बोदकं, म्हणून मूठभरच घ्यायचं, पण त्याचा तुरटपणा कोकोबरोबर इतका छान बसतो की एकदा करून पाहाच. (जांभळाच्या बियांची पूड खाऊन मधुमेहाच्या गोळ्या बंद करणाऱ्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना आज फोन करावा.) पेरूही चालतो, फायबर भरपूर, पण चॉकलेटशी त्याचा सूर जुळत नाही. अननस, किवी, पपई यांतली पाचक द्रव्यं दह्या-दुधातली प्रथिनं तोडतात आणि मिश्रण थोड्याच वेळात कडवट होतं, तेव्हा ती या कामाची नाहीत. संत्र्याचा एक उपयोग मात्र फार मोलाचा आहे. त्याचा रस नको, साल हवी. नागपुरी संत्रं कोमट पाण्याने चोळून धुवा आणि सालीचा फक्त वरचा केशरी थर बारीक किसणीवर दोन-तीनदा फिरवा. पांढरा भाग आला की थांबा. चिमूटभर किसाने अख्ख्या पेल्याला संत्र्याचा वास येतो आणि साखर जवळपास शून्य.

आता चॉकलेट. बाजारात चॉकलेटच्या नावाखाली जे डबे मिळतात त्यांतल्या बहुतेकांत पहिला जिन्नस साखर असतो. पाकिटावरची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, म्हणून पहिलं नाव वाचलं की अर्धं काम झालं. ड्रिंकिंग चॉकलेटचा डबा खाली ठेवा. माल्ट घातलेली, मुलांना उंच करणारी पावडर खाली ठेवा. 2024च्या एप्रिलमध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना कळवलं की अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली दाखवू नका, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात अशी व्याख्याच नाही. त्याच वर्षी जूनमध्ये एफएसएसएआयने पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसांवरचा ‘100 टक्के फ्रूट ज्यूस’ हा दावा काढायला लावला. एवढी वर्षं आपण ते वाचून मुलांच्या डब्यात भरत होतो. केक करणाऱ्यांकडे कंपाऊंडच्या लाद्या असतात, त्यांत साखर आणि वनस्पती तेल जास्त, कोको थोडा. त्याही नकोत.

हवी ती फक्त बिनसाखरेची कोको पावडर. कोकोच्या बियांतलं तूप दाबून काढायच्या यंत्राचं पेटंट 1828 साली अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन हौटेन यांनी घेतलं, तिथून ही पावडर आली. मोठ्या चमच्यात ती 5 ग्रॅम बसते. त्यात कर्बोदकं 3 ग्रॅम, पण त्यांतलं निम्म्याहून जास्त फायबर. तिचे दोन प्रकार मिळतात. एक नैसर्गिक, फिकट तपकिरी, जरा आंबूस. दुसरी क्षाराची प्रक्रिया केलेली, गडद, मवाळ चवीची. या प्रक्रियेत कोकोतले फ्लॅव्हनॉल बरेच कमी होतात, म्हणून मी पहिलीच्या बाजूने आहे. स्ट्रॉबेरीशी तिची आंबूस चव जुळतेही चांगली.

आणि ही पावडर थंड दह्यात किंवा दुधात कोरडी टाकू नका. घरच्या चॉकलेट स्मूदीला चॉकलेटची चव का येत नाही, म्हणून लोक विचारतात आणि मग साखर वाढवतात. चव नसण्याचं कारण साखर नाही, ही कोरडी पावडर आहे. कोकोत तूप शिल्लक असतं, ते थंडीत उकलत नाही. पावडरच्या बारीक गाठी होतात, बाहेरून ओल्या, आतून कोरड्या, आणि चव त्यांतच अडकते. वाटीत दोन मोठे चमचे कोको घ्या. त्यावर उकळतं पाणी, तीन-चार चमचेच. चिमूटभर मीठ. चमच्याच्या पाठीने वाटीच्या कडेला दाबत दाबत घोटा. सुरुवातीला चिखल वाटतो, मग अचानक तो चकाकायला लागतो आणि वास बदलतो. कच्च्या भुकटीचा वास जाऊन खऱ्या चॉकलेटचा वास स्वयंपाकघरभर होतो. तो आला की थांबा आणि गार होऊ द्या. या दोन मिनिटांच्या कामाने जे होतं ते चार चमचे साखरेनेही होत नाही. अर्धा छोटा चमचा इन्स्टंट कॉफी त्यातच घातली तर चॉकलेट आणखी गडद लागतं.

दुधाऐवजी काय? घरचं दही दोन-तीन तास टांगून केलेला चक्का. विरजणातल्या जिवाणूंनी दुधातली काही साखर आधीच खाल्लेली असते, काही निवळीबरोबर निघून जाते. 100 ग्रॅम चक्क्यात 4 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं उरतात आणि प्रथिनं मात्र घट्ट होतात. पातळ करायला नारळाचं दूध, घरी खोबरं वाटून पिळलेलं. हे दूध कर्बोदकांत हलकं असलं तरी चरबीत भारी आहे, तीही बहुतांश संपृक्त. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी नुसत्या चक्क्यावर आणि पाण्यावर भागवावं. लो-कार्ब म्हणजे लो-कॅलरी नव्हे, हे भिंतीवर लिहून ठेवावं असं वाक्य आहे. खोक्यातलं बदामाचं दूध घेऊ नका. त्यात बदाम नावापुरते असतात. तेवढ्या पैशांत खरे बदाम येतात. अ‍ॅव्होकाडो सहज मिळत असेल तर खुशाल घाला, त्यात फायबर भरपूर आणि ते वजा केलं तर कर्बोदकं नाममात्र. पण तो नाही म्हणून अडून बसू नका, कोकणी माणसाला तरी मऊपणासाठी मेक्सिकोकडे बघायची गरज नाही.

कृती आता चार ओळींची उरली. आठ बदाम आणि छोटा चमचा भाजलेलं जवस चटणीच्या भांड्यात थांबवत थांबवत फिरवून पूड करा, एकदम फिरवलं तर तेल सुटतं. मोठ्या भांड्यात आधी 100 ग्रॅम चक्का, अर्धी वाटी नारळाचं पातळ दूध आणि गार झालेला कोको. त्यावर ती पूड. शेवटी 150 ग्रॅम गोठवलेली स्ट्रॉबेरी, फ्रीझरबाहेर पाच-सात मिनिटं ठेवलेली, नाहीतर पातं अडकतं. वेलची किंवा दालचिनी किंवा संत्र्याच्या सालीचा कीस, तिघांपैकी एकच. थांबवत थांबवत फिरवायचं. फार वेळ ठेवायचं नाही, कारण जवस पाणी ओढतं आणि अर्ध्या तासात चमचा उभा राहतो.

यात दोघांचं होतं. एकाच्या वाट्याला फायबर धरून 14 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, फायबर वजा केलं तर 10च्या आत. पहिल्या पेल्यातले 88 आठवून बघा. दोघांचं म्हटलंय ते दोघांचंच राहू द्या. जिम लावलेला मुलगा हाच ऐवज एकटा उभ्याने संपवतो आणि मग सगळं गणित तिथल्या तिथे बुडतं.

गोडी? यात घातलेलीच नाही. पहिल्या दिवशी नाक मुरडलं जाईल, मला मान्य आहे. म्हणून लगेच स्टीव्हियाच्या पुडीकडे धावू नका. अशा अनेक पुड्यांत वजन भरायला माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज असतं आणि ती कर्बोदकंच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा बिनसाखरी गोडव्यांचा वापर करू नये असं सुचवलं, त्यांत स्टीव्हियाही आलं. ही सूचना ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी नव्हती, तेव्हा त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं. बाकीच्यांनी एक साधी गोष्ट करावी: स्मूदी बर्फगार खाऊ नये. जिभेवरची गोड ओळखणारी यंत्रणा थंडीत मंद होते आणि उबेत तेज. बेल्जियममधल्या लुवेनच्या संशोधकांनी 2005 साली यामागचं कारण पेशींच्या पातळीवर दाखवून दिलं. वितळलेलं आईस्क्रीम जास्त गोड का लागतं, याचं उत्तर तेच. वाटी भरून पाच मिनिटं थांबा, स्ट्रॉबेरीची स्वतःची साखर वर येते. आणि जीभ शिकते. अमेरिकेत काही लोकांना तीन महिने कमी साखरेवर ठेवलं, तर तेच पुडिंग त्यांना आधीपेक्षा जास्त गोड लागायला लागलं. आपली जीभ काही वेगळ्या मातीची नाही. चहातली साखर सोडलेल्या कुणालाही विचारा.

दोन इशारे, आणि हे गंभीरपणे घ्या. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असताना कर्बोदकं एकदम छाटली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर अगदी कमी कर्बोदकांचा आहार मनाने सुरूच करू नये, रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो, तोही साखर फारशी वाढलेली नसताना. आणि मुतखड्याचा त्रास असेल तर कोको आणि बदाम दोन्हींत ऑक्झलेट भरपूर आहे. त्यात वर मूठभर कच्चा पालक ढकलून ‘ग्रीन’ करायची फॅशन आहे, तो तर ऑक्झलेटचा राजा. नको.

ज्यांनी दिवसातून दोनदाच जेवायचं ठरवलंय, त्यांनी ही मधल्या वेळची भर म्हणून घेऊ नये. जेवणातच, शेवटी, गोडाच्या जागी घ्यावी. खरं तर सगळ्यांनीच तसं करावं. नाश्त्याच्या आधी स्मूदी, मग नाश्ता, मग चहा-बिस्कीट असा जो सकाळचा कार्यक्रम चालतो, त्यात लो-कार्ब हा शब्द कुठेच बसत नाही. स्मूदी घ्यायची असेल तर तिच्यासाठी ताटातलं काहीतरी उठलं पाहिजे. शिरा उठावा, जिलबी उठावी, निदान दुसरी पोळी तरी उठावी.

बाजारात आता कीटो स्मूदीची तयार पाकिटं आलीत. उलटी करून वाचा. कोको, बदामपूड, जवस, कसलासा गोडवा, सुगंध. यांतलं गोडवा सोडून सगळं वाण्याकडे मिळतं, सुट्टं, त्या किमतीच्या कितीतरी खाली. वरच्या हिशेबातल्या महाग वस्तूंपैकी बदाम एक आणि ते आठच आहेत. नकोच असतील तर भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट घाला. चव बदलेल, बिघडणार नाही.

राहिलं मिक्सरचं भांडं. ज्याच्या आरोग्यासाठी स्मूदी होते, त्याने ते भांडं धुवावं. घरोघर उलटं चाललंय: वजन एकाला कमी करायचंय, बदाम दुसरी भिजवते, मिक्सर तीच लावते, आणि पात्याखाली वाळलेला कोको खरवडत तीच उभी राहते, स्वतः मात्र कालचा उरलेला भात परतून खाते. स्मूदी दोघांची आहे, असं वर लिहिलंय. पहिली वाटी तिला द्या. आणि भांडं रिकामं झाल्या झाल्या त्यात कोमट पाणी आणि साबणाचे दोन थेंब घालून अर्धा मिनिट फिरवा. कोको ओला आहे तोवरच निघतो, वाळला की पात्याच्या खाली हात घालावा लागतो आणि बोट कापतं.